अंदमान: ४.६ रेटिंगचं बीच रिसॉर्ट आणि आईचा राहिलेला समुद्र

तापीकाठ (रावेर), २ जून, रात्री ९.४०

मंडळी, इथे मी आजवर केळीचे भाव आणि करपा यांच्यापलीकडे फारसं लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण परत येऊन आठ दिवस झाले तरी मनातून जात नाहीये.

आई सदुसष्ट वर्षांची. तापीकाठचं माहेर, तापीकाठचंच सासर. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. "आपली माय जिथं जाऊन मिळते ते एकदा डोळ्यानं पाह्यचंय," असं ती मी शाळेत होतो तेव्हापासून म्हणायची. नानांना, म्हणजे वडिलांना, सेल्युलर जेल बघायचं होतं. यंदा भाव बरा लागला, हातात चार पैसे होते, मुलांना सुट्टी होती. दोन्ही इच्छा एकाच फेरीत होतील म्हणून अंदमान ठरवलं. भुसावळहून हावडा मेल, कोलकात्याहून विमान. १८ मेला निघालो.

जेलबद्दल काही तक्रार नाही. इमारतीच्या सात फाट्यांपैकी आता तीनच उभे आहेत, पण तेवढ्यातच माणूस गप्प होतो. नाना सावरकरांच्या कोठडीत चप्पल काढून गेले आणि पाच-सात मिनिटं बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "इथून समुद्राचा आवाज येतो, पण दिसत नाही."

तक्रार पुढची आहे. चार रात्रींसाठी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, विजयनगर किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट घेतलं होतं. नाव लिहीत नाही. रेटिंग ४.६, हजारावर अभिप्राय. फोटोत लाकडी पायरी आणि पायरीला टेकलेलं निळंशार पाणी. मी बायकोला म्हटलं, आईचे गुडघे दुखतात, तिला फार चालायला नको, खोलीतून उतरली की पाण्यात. दोन खोल्या, एकीचं भाडं रात्रीला ९८०० आणि वर १८ टक्के जीएसटी. आमच्यासारख्याला ही रक्कम मोठी आहे. विचार करून भरली होती.

दुपारी एकला पोचलो. आईने हातपायसुद्धा धुतले नाहीत. पिशवीतून खण-नारळ काढला (घरूनच आणला होता, समुद्राची ओटी भरायची म्हणून) आणि माझा हात धरून निघाली. पायरीपर्यंत आलो, तर समोर पाणीच नाही. करड्या चिखलाचा आणि मेलेल्या प्रवाळाचा पट्टा, त्यात मध्येमध्ये डबकी, आणि पाणी पार तिकडे, तीनशे-चारशे मीटरवर, एक पांढरी रेघ. ओहोटी होती. माळ्याने सांगितलं, "संध्याकाळी येईल पाणी." संध्याकाळी पाऊस आला. पाणी पायरीला लागलं तेव्हा अंधार पडला होता आणि वारा असा की रखवालदाराने कुणालाच उतरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आई म्हणाली, "राहू दे, मी इथंच भरते." प्रवाळाचे तुकडे तिच्या स्लिपरच्या तळातून टोचत होते. दहा-बारा पावलं गेली आणि एका डबक्यापाशी वाकली. परातीएवढं डबकं. कोमट पाणी, त्यात एक बारकासा खेकडा. तिने हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला. नारळ बुडाला नाही आणि तरंगलाही नाही, तेवढं पाणीच नव्हतं. तसाच टेकून राहिला. तिने हात जोडले आणि परत फिरली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाकीचं थोडक्यात. एक खोली वरच्या मजल्यावर, शिडीसारखा जिना. बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं की म्हातारी माणसं आहेत. गादीला ओलीचा वास. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद. पाहुणे कमी म्हणून बुफे बंद, आणि नाना माळकरी असताना पहिल्याच रात्री त्यांची पोळी मासळीच्याच तव्यावर भाजलेली निघाली. त्यानंतर दोन दिवस नानांनी आईने बरोबर घेतलेले बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी यावर काढले. तिसऱ्या दिवशी गाडी करून राधानगरला गेलो. किनारा खरोखर देखणा आहे, रुंद, पांढरा, मागे उंच झाडं. पण लाटा मोठ्या, लाल झेंडा लागलेला, जीवरक्षक शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे हटवत होता. आईने लांबूनच नमस्कार केला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. निघताना बिल भरत होतो. बोटीला पाऊण तास राहिला होता. मॅनेजरने हसत स्वतःचा फोन पुढे केला, त्यावर अभिप्रायाची क्यूआर पाटी दाखवली, म्हणाला, सर, इथेच पाच तारे देऊन टाका, जेट्टीपर्यंतच्या गाडीचे पैसे घेत नाही. आणि मी दिले. आई-नाना सामानापाशी उभे होते, पाऊस होता, मला वाद नको होता. माझ्या फोनवरून, माझ्या बोटाने मी पाच तारे दिले.

बोटीत बसल्यावर लक्षात आलं की त्या हजार माणसांत आता मीही आहे. पुढच्या वर्षी कुणी आपल्या आईला घेऊन जायचं ठरवेल तेव्हा माझे पाच तारे त्याला दिसतील. हे मला सहन होत नाहीये.

---

भुसावळ_लोको, २ जून, रात्री १०.२५

भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी रेल्वेतून निवृत्त, अंदमानला दोनदा गेलोय. एक विचारतो, राग मानू नका. १८ मे हीच तारीख का?

आपण शेतकरी माणसं. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी पेपरात आली की पारावर पेढे वाटायचे तेवढे बाकी असतात. साधारण २०-२२ मेच्या सुमारास तो तिथे पोचतो, १ जूनला केरळ, मग आपल्याकडे मृगाच्या आगेमागे. दरवर्षी आपण ती तारीख वाचतो. त्या तारखेला तिथे समुद्र खवळलेला असणार. बोटी रद्द होतात, पाण्यातले खेळ बंद ठेवतात.

---

तापीकाठ, २ जून, रात्री १०.५०

लोको काका, राग कसला. तुम्ही बरोबर त्याच जागी बोट ठेवलंत. ती बातमी मी पस्तीस वर्षं वाचतोय. पण माझ्या डोक्यात ती कायम आपल्या बाजूने होती, म्हणजे आता आपल्याकडे किती दिवसांनी. तिथे उभा असलेल्या माणसावर त्या दिवशी काय पडत असेल, हे कधी मनात आलंच नाही. तिथल्या पडवीत बसून पाऊस बघताना नानांनीच आठवण करून दिली. तेवढी चूक माझी, ती मी धरून चालतो.

पण काका, त्यांनाही तारीख माहीत होती. चाळीस टक्के सूट होती, ती उगाच नव्हती. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, म्हातारे आई-वडील आहेत, आईला पाण्यात पाय बुडवायचेत. पलीकडचा माणूस म्हणाला, "समुद्र तर आपल्या दारातच आहे सर." एवढंच म्हणाला असता, की सर, या दिवसांत पाऊस असतो आणि दुपारी पाणी लांब जातं, तर मी डिसेंबर धरला असता. पैसे त्यांनाच मिळाले असते.

---

गिरणाकाठची (चाळीसगाव), २ जून, रात्री ११.१०

दादा, डबक्यातल्या नारळापाशी मी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

चष्मा_४७ (जळगाव), ३ जून, सकाळी ७.१५

थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. मी त्याच विजयनगर किनाऱ्यावर जानेवारीत पाच दिवस होतो. तुमचं नसेल, शेजारचं रिसॉर्ट असेल. मला तिथे फार सुख लागलं. सकाळी भरती, पाणी इतकं निवळ की गुडघाभर पाण्यात पायाची नखं दिसायची. दुपारी ओहोटी, तेव्हा मुलं त्या डबक्यांत तारामासे आणि शंखातले खेकडे बघत बसायची. माझ्या मुलीला ती डबकीच सगळ्यात जास्त आवडली. एलिफंट बीचला प्रवाळ बघितलं. मीही पाच तारे दिले आणि कुणी न सांगता दिले.

म्हणून ४.६ खोटं आहे असं मला म्हणवत नाही. तो किनारा पूर्वेकडचा, उथळ, प्रवाळाचा. ओहोटीत तिथे असंच होणार, आज नाही, कायमच. रिसॉर्टने समुद्र मागे ढकललेला नाही. उद्या कुणी आपल्या बागेत वैशाखात येऊन म्हणालं की ऊन फार आहे, तर आपण काय करणार?

---

तापीकाठ, ३ जून, सकाळी ८.००

चष्मा दादा, तुमचं सुख खरं आहे, ते मी नाकारत नाही. ओहोटीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या भागात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे पाहुण्याला कुणी लपवत नाही. उलट आपण आधीच सांगतो, वैशाखात येऊ नका, हिवाळ्यात भरीत खायला या. पाहुण्याला असं सांगणं हे यजमानाचं काम आहे. त्यांच्या पन्नासेक फोटोंत ओहोटीचा एकही नव्हता, माझी तक्रार एवढीच आहे.

आणि एक. रात्री बसून सगळे अभिप्राय महिन्याप्रमाणे लावून बघितले. बहुतेक डिसेंबर ते मार्चचे. मे-जूनचे मोजकेच, आणि त्यांत तीन-तीन, दोन-दोन तारे. एकाने "पाणी कुठे गेलं" असंच लिहिलंय. ते हजारात बुडून गेलेत. चार महिन्यांची सरासरी बारा महिने पाटीवर लावलेली आहे.

---

नवापूर_ते_नॉर्थगोवा, ३ जून, दुपारी १२.४०

मी नंदुरबार जिल्ह्यातला. हॉटेल मॅनेजमेंट केलं, नऊ वर्षं गोवा आणि केरळातल्या रिसॉर्टांत फ्रंट ऑफिसला काढली. आता गावी आहे म्हणून मोकळेपणी लिहू शकतो.

ते पाच तारे कसे येतात सांगतो. सकाळच्या मीटिंगमध्ये काल किती अभिप्राय आले याचा आकडा वाचला जातो. अभिप्रायात कुणाचं नाव आलं तर त्या पोराला महिन्याला बक्षीस, काही ठिकाणी बढतीत धरतात. म्हणून रूम बॉय तुम्हाला म्हणतो, "सर, माझं नाव लिहा." त्याला त्याचे दोन-तीन हजार मिळायचे असतात, त्याच्यावर राग धरू नका. पाहुणा खूश दिसला की लगेच फोन पुढे करायचा, नाराज दिसला की करायचा नाही, हे शिकवलं जातं. नाराज माणूस घरी जातो, कामाला लागतो, लिहीत नाही. खूश माणसाकडून दारातच घेतलेलं असतं. आकडा असा वर राहतो. त्यात खोटा अभिप्राय एकही नसला तरी तो वरच राहतो.

तुमच्याबाबतीत त्यांनी याच्याही पुढे जाऊन गाडीचं भाडं लावलं. ते आम्हीही चुकीचंच मानायचो, पण होतं.

पावसाळ्यात निम्मा स्टाफ सुट्टीवर पाठवतात. बेटावर तर भाजीपाला, दूध, सुटे भाग, सगळं बोटीने येतं. बोट रद्द झाली की स्वयंपाकघरात जे आहे त्यावर चालवायचं. खोलीला ओलीचा वास यायचं कारण असं की पाहुणे नसताना वीज वाचवायला एसी बंद ठेवतात आणि खोल्या दिवसेंदिवस बंद राहतात. खारी हवा गादीत मुरते. हे सगळं त्यांना माहीत असतं. भाडं कमी करून ते तुम्हाला हेच विकतात, फक्त सांगत नाहीत.

आणखी एक गल्लत बरेच जण करतात. ऑनलाइन ४.६ आणि "चार तारांकित" यांचा एकमेकांशी संबंध नाही. तारांकित दर्जा केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून देते, पाच वर्षांसाठी, आणि तो घेणं हॉटेलवर बंधनकारक नाही. त्यात खोलीचं माप, न्हाणीघर, आग लागल्यावरची सोय, अपंगांसाठीची सोय असलं मोजलं जातं. शिडीसारखा जिना तिथे कुणीतरी बघितला असता. ऑनलाइनचे तारे म्हणजे माणसांचा त्या दिवसाचा आनंद. तो आनंद खरा असतो, पण त्याला जिना मोजता येत नाही.

---

पुरणमांडे (भडगाव), ३ जून, दुपारी ३.०५

नवापूरच्या भाऊंनी डोळे उघडले. मला दोन वर्षांपूर्वीचं केरळ आठवलं. खाडीकाठचं रिसॉर्ट, ४.७. सासूबाई बरोबर. जूनचा शेवट. चार दिवस खिडकीतून पाऊस बघितला. पण तिथल्या स्वयंपाकिणीने सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं, नारळाचं वाटण दाखवलं, आणि आमच्या सासूबाईंनी तिला भाकरी थापून दाखवली. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. आम्ही येताना दोघी रडल्या. त्या रिसॉर्टला मी मनापासून पाच दिले, आणि खाली स्पष्ट लिहिलं की जूनमध्ये समुद्र आणि बोट विसरा. तारे द्यायचे तर महिना लिहून द्यावेत असं मला तेव्हापासून वाटतं.

मी आता फोनवर "कसं आहे" विचारतच नाही. उत्तर "मस्त" येणार हे ठरलेलं. मी विचारते, आज सकाळी अकरा वाजता पाणी कुठे होतं? आज किती खोल्या भरल्यात? आज दुपारच्या जेवणाला काय केलंय? आणि म्हणते, आत्ता खिडकीतून एक फोटो काढून पाठवा. पाठवतात. न पाठवणाऱ्याकडे जात नाही.

तापीकाठ दादा, नानांचं वाचून जीव तुटला. माळकऱ्याची पोळी मासळीच्या तव्यावर, हे वय झालेल्या माणसाला किती लागतं ते घरातल्या बाईलाच कळतं.

---

वकीलताई_जळगाव, ३ जून, रात्री ८.३०

कायद्याच्या बाजूने लिहिते. भावनेचं सगळ्यांनी लिहिलंच आहे.

ओहोटी आणि पाऊस यासाठी कुणी भरपाई देणार नाही, ते सोडून द्या. पण चार गोष्टी वेगळ्या काढा: बुकिंगच्या पानावर तलाव चालू दाखवला आणि तो बंद होता, बुफेचे पैसे धरले आणि बुफे नव्हता, शाकाहारी जेवणाची खात्री दिली आणि पाळली नाही, आणि सांगूनही वरची खोली दिली. ही सेवेतली त्रुटी आहे. फोटोत कायम दारात पाणी दाखवून बाकीचं दडवणं दिशाभूल ठरतं का, यावर वाद घालता येईल. मी घालेन.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे अंदमानला जायची गरज नाही, जळगावला दाखल होते. मुदत दोन वर्षं. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण बुकिंग कंपन्या त्याला उत्तर देतात. बुकिंगचं पान, बिल, बंद तलावाचा फोटो, फोनची तारीख-वेळ, सगळं आजच जपून ठेवा. त्यांचं पान उद्या बदलू शकतं.

ताऱ्यांबद्दल. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत असं त्यात आहे. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्यावरून थेट शिक्षा होत नाही. पण गाडीभाड्याच्या बदल्यात तारे मागणं ही गोष्ट तक्रारीत जरूर लिहा. आयोगाला माणसाची वागणूक दिसली पाहिजे.

आणि दादा, तुमचा अभिप्राय बदला. तो बदलता येतो. स्वतःच दिलेले पाच तारे पाठीशी ठेवून तक्रार करायला गेलात तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच दाखवेल.

---

तापीकाठ, ४ जून, सकाळी ६.३०

ताई, रात्रीच बदलला. दोन तारे ठेवले. एक सुद्धा ठेवणार नव्हतो, पण खोली झाडणारी बंगाली मावशी आईला रोज गरम पाणी आणून द्यायची. तिचे आजी-आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून त्या बेटावर वसवले गेले, तिच्या परसात सुपारी आणि केळी आहेत. आई आणि ती तोडक्यामोडक्या हिंदीत केळीच्या पिलांबद्दल बोलत बसायच्या. एक तारा तिचा.

अभिप्रायात महिना लिहिला, ओहोटीची वेळ लिहिली, जिना लिहिला, तवा लिहिला, आणि आधीचे पाच तारे कशाच्या बदल्यात दिले होते तेही लिहिलं. तासाभरात मॅनेजरचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, सर, तुम्ही समोर काही बोलला नाहीत. हे मात्र खरं आहे. मग म्हणाला, पुढच्या वेळी दोन रात्री मोफत देतो, तेवढं काढून टाका. मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं, ओहोटीचा एक फोटो तुमच्या पानावर टाका, भरती-ओहोटीच्या वेळा खोलीत लावा, मग मी खाली तसं लिहीन. बघतो म्हणाला. अजून काही दिसत नाही.

---

सासर_गुहागर_माहेर_अमळनेर, ४ जून, सकाळी १०.१५

आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे आपल्याला कुणी शिकवत नाही, मलाही लग्नानंतर कळलं. सासरे पंचांग बघून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. रोज पाऊण तासाने पुढे सरकते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि तेवढंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.

हे गणित कोकण किनाऱ्याचं. अंदमानला वेळा वेगळ्या, तिथे ते लावू नका. तिकडचं भारतीय सर्वेक्षण विभागाचं छापील कोष्टक असतं आणि जेट्टीवर कुठल्याही नाखव्याला विचारलं तरी सांगतो. मुद्दा एवढाच, की समुद्राला जाताना आपण खोलीचं भाडं शंभर वेळा बघतो, तिथी बघत नाही.

---

उधन्याचा_खान्देशी, ४ जून, रात्री ९.२०

भाऊ, पैसा ते आपन कमाई लेसूत, पन मायनी आस राही गई, हाई मनले लागनं.

मी मूळचा शिंदखेड्याचा, वीस वर्षं झाली सुरतेत, उधन्याला. इथे आपले खान्देशी लोक गल्लोगल्ली आहेत. एक गोष्ट सुचली ती लिहितो. तुमची माय म्हणाली ना, "आपली माय जिथं जाऊन मिळते ते बघायचं"? आपली तापी अंदमानला जात नाही, दादा. मुलताईला निघते, तुमच्या रावेर-भुसावळवरून, आमच्या शिंदखेड्याच्या अंगाने, उकाईवरून इथे येते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. सातशे चोवीस किलोमीटर. माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे ती जागा.

खरं सांगतो, डुमस दिसायला राधानगर नाही. वाळू काळी, पाणी गढूळ, निळं नाहीच, तापीच्या गाळाचंच ते. सुट्टीच्या दिवशी गर्दी, भज्यांच्या गाड्या. आणि हे खंभातचं आखात आहे, इथली ओहोटी तुमच्या अंदमानपेक्षा जास्त लांब जाते. चुकीच्या वेळी आलात तर नुसता चिखल, आणि त्या चिखलात आत जायचं नाही, पाय रुततो, पाणी मागून झपाट्याने येतं. म्हणून वेळ मी काढून ठेवीन. आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाणी कुठे येतं ते बघून येईन. भुसावळ-जळगावहून नंदुरबारमार्गे थेट गाडी आहे, एका रात्रीचा प्रवासही नाही. रिसॉर्ट-बिसॉर्ट काही नको, घर आहे. जिना नाही, तळमजला. तवा वेगळा ठेवू, आमच्याकडे पण नाना-आबा येतात.

माय ले लई या.

---

तापीकाठ, ५ जून, सकाळी ५.५०

भाऊ, रात्री वाचलं आणि आईला तसंच्या तसं वाचून दाखवलं. गढूळ पाणी, काळी वाळू, चिखल, सगळं. "तापीच्या गाळाचंच ते" हे वाक्य तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पावसाळा संपू दे म्हणाली. दिवाळीनंतर, कार्तिकात, थंडी पडायच्या आधी. नाना म्हणाले, मी पण येतो, जेल नसलं तरी चालेल. तुम्ही तिथी कळवा, मी तिकिटं काढतो.

वकीलताई, १९१५ वर काल तक्रार नोंदवली, नंबर मिळालाय. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

आत्ता आई उठून अंगणात आलीय. विचारतेय, सुरतेला नारळ मिळत असतील, पण आपल्या परसातलाच नेलेला बरा ना?